द्राक्षाचा घड आणि प्रयोगशाळेचा कागद



मागच्या मार्चमध्ये मी ब्रेडाला मुलाच्या घरी होते. ब्रेडा हे नेदरलँड्सच्या दक्षिणेकडचे, बेल्जियमच्या सीमेजवळचे शहर. उंच मनोऱ्याचे जुने चर्च, त्याच्या पायथ्याशी बाजारचौक, जिकडेतिकडे सायकली आणि भुरभुर पाऊस. सुनेला मनासारखी नोकरी लागली म्हणून घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा करायचे ठरले. पोहे आणि नारळ रॉटरडॅमच्या भारतीय दुकानातून आणले, वेलची मी मुंबईहूनच नेली होती. फळे मात्र जवळच्या सुपरमार्केटमधून घेतली. खजूर, केळी, सफरचंद, संत्री आणि पाचवे फळ म्हणून हिरव्या बिनबियांच्या द्राक्षांचा एक डबा.

नातू अकरा वर्षांचा आहे. जन्म तिकडचाच, तरी मला ओमा न म्हणता आजी म्हणतो, हे सुनेचे उपकार. त्याने डब्यावरची चिठ्ठी वाचली आणि ओरडला, "आजी, ही तर तुझ्याकडची आहेत!" चिठ्ठीवर मूळ देश म्हणून भारत लिहिले होते. मला नवल वाटले नाही. फेब्रुवारी ते एप्रिल युरोपात जी भारतीय द्राक्षे येतात, ती बहुतेक आपल्या नाशिककडची असतात. नातवाचा पुढचा प्रश्न मात्र मला खिळवून गेला. "शाळेत सांगितलं की फळांवर औषध मारतात. मग ही खाल्लेली चालतील?"

मी एकतीस वर्षे मुंबईच्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली. पदवी मोठी नव्हती, पण काचेच्या नळ्या आणि नोंदवह्या यांच्यात आयुष्य गेले. मी त्याला एका वाक्यात सांगितले, "चालतील, कोणीतरी तपासून पाहिली आहेत." तो खेळायला पळाला. पण हाच प्रश्न मला आपल्या मंडळींकडूनही नेहमी येतो. प्रार्थनेनंतर चहा पिताना कोणी तरी विचारतेच, "बाई, हल्ली द्राक्षे खावीत की नाही? सगळी औषधाने भरलेली म्हणतात." म्हणून त्या एका वाक्याच्या मागे काय काय आहे ते या वेळच्या सदरात लिहिते.

प्रथम उत्तर देऊन टाकते. द्राक्षे खावीत, धुवून खावीत. मधुमेह असेल तर दहाबारा मणी पुरे, वाटीभर नकोत. पण धुण्याने ती सुरक्षित होतात असे कोणी समजू नये. धुण्याने धूळ, हाताळणीची घाण, बरेचसे जंतू आणि सालीवर बसलेले थोडे औषध जाते. सालीच्या आत शिरलेले किंवा वेलीच्या मुळा-पानांतून फळात उतरलेले औषध पाण्याने जात नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, वासाने ओळखता येत नाही. मण्यांवर जी पांढरट, पुसली जाणारी लव दिसते तिला पुष्कळ लोक औषध समजतात. ते फळाचे स्वतःचे मेण आहे, ताज्या द्राक्षाची खूण. खरे औषध शोधायला यंत्र लागते, यंत्राला पैसा लागतो, आणि पैशाच्या मागे सरकार उभे राहावे लागते. या बाबतीत आपल्या नाशिकच्या द्राक्षांची गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती घडली निम्मी महाराष्ट्रात व निम्मी याच नेदरलँड्समध्ये.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांच्या मालात मेथोमिल आणि ॲसिफेट या दोन कीटकनाशकांचे अंश युरोपच्या मर्यादेहून जास्त सापडले. युरोपीय देशांनी १९७९ पासून एक व्यवस्था चालवली आहे. एका देशाला अन्नात काही धोकादायक सापडले की बाकीच्या सर्वांना ताबडतोब इशारा जातो. त्यामुळे एका बंदरात सापडलेली गोष्ट सगळीकडे कळते आणि साऱ्या मालाकडे संशयाने पाहिले जाते. आपल्याकडे तोवर शेतकरी काय फवारतो, किती फवारतो, काढणीच्या किती दिवस आधी थांबतो, हे कागदावर कोठेच नव्हते. माल बोटीत चढण्यापूर्वी इतक्या बारकाईने तपासणाऱ्या प्रयोगशाळाही पुरेशा नव्हत्या.

बारकाईने म्हणजे किती, ते समजून घ्या. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला साधारणपणे एका किलोत ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा असते. हिशेब केला तर शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे जी साधने होती, त्यांना यातले काही दिसले नसते.

मग सरकारला जाग आली, आणि या वेळी ती चांगली आली असे मी म्हणेन. शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणारी केंद्राची संस्था आहे, अपेडा. तिने पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला हाताशी धरले. हे केंद्र १९९७ पासून द्राक्षावर काम करत होते. तेथे द्राक्षातील औषधांच्या अंशांसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि २००३-०४ च्या हंगामापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी तपासणीची योजना सुरू झाली. २००६ साली त्याला संगणकाची जोड मिळाली, तिला ग्रेपनेट म्हणतात.

ही साखळी मला फार आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगते. शेतकरी आपली बाग राज्याच्या कृषी खात्याकडे नोंदवतो. बागेला क्रमांक मिळतो. फवारणीची वही ठेवावी लागते, कृषी अधिकारी येऊन बाग पाहतात. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत जातो आणि ठिकठिकाणचे घड कापून नमुना घेतो. शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने पिशवीतून आणून दिलेला नमुना चालत नाही. (ही एक अट किती महत्त्वाची आहे ते नमुने घेणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे दुकानदार हातात ठेवेल ते दूध, अशीही उदाहरणे होती.) प्रयोगशाळेत मणी वाटून लगदा करतात, त्यातले औषधांचे अंश एका द्रावणात उतरवून घेतात आणि ते द्रावण यंत्रात सोडतात. यंत्र रेणूंचे वजन करून त्यांची ओळख पटवते. निकाल थेट संगणकावर चढतो. एखाद्या बागेचा नमुना मर्यादेबाहेर गेला की तेथूनच इशारा निघतो आणि त्या बागेचा माल युरोपच्या वाटेवर अडतो. पास झाला तरच पुढची प्रमाणपत्रे मिळतात आणि कंटेनर हलतो.

या कामात बऱ्याच प्रयोगशाळा खाजगी आहेत. सरकारने सगळे स्वतः करायचा हट्ट धरला नाही. मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळांना काम दिले, यंत्रांसाठी साहाय्याच्या योजना ठेवल्या आणि मांजरीच्या प्रयोगशाळेला त्यांच्यावर नजर ठेवायला बसवले. मांजरीहून सर्वांना सारखाच नमुना पाठवला जातो, त्यात काय घातले आहे ते फक्त मांजरीला ठाऊक. ज्याचे उत्तर चुकते त्याला जाब द्यावा लागतो. काही पास झालेले नमुने पुन्हा तपासले जातात ते वेगळेच. शाळेतल्या मुख्याध्यापकांनी मधूनच येऊन वर्गाची वही तपासावी, तसे.

येथे माझा एक जुना सल सांगते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या प्रयोगशाळेत, नाव सांगत नाही, एक नवे यंत्र आले. पेढे वाटले, हार घातला, फोटो निघाला. चार महिन्यांत त्याचा एक सुटा भाग गेला. यंत्र घ्यायला पैसा मंजूर होता, दुरुस्तीला नव्हता. अकरा महिने ते प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकून होते. कव्हरावर आम्ही डबे ठेवत असू. त्या काळात आलेले नमुने जुन्या पद्धतीने, जे जमेल ते पाहून, निकालात काढले. त्यांत काय होते ते आता कोणालाच कळणार नाही, खाणाऱ्यांनी ते केव्हाच खाल्ले. म्हणून कोणी मंत्र्याने प्रयोगशाळेचे उद्घाटन केल्याची बातमी वाचली की मी एकच गोष्ट शोधते, पुढच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीला, शुद्ध रसायनांना आणि शिकलेल्या माणसांच्या पगाराला तरतूद आहे का? बहुतेक बातम्यांत ते नसते.

आता गोष्टीचा दुसरा भाग. इतकी पक्की साखळी उभी राहूनही २०१० साली ती तुटली. त्या हंगामात नेदरलँड्ससह युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. ते कीटकनाशक नाही, वेलीची फाजील वाढ रोखणारे औषध आहे. खरड छाटणीनंतर वेलीचा जोर पानांत न जाता काडीत घड धरण्याकडे जावा म्हणून ते मारत असत. वर्षानुवर्षे मारत होते. युरोपात द्राक्षावर त्याची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टनांत एक ग्रॅम. आणि आपल्या तपासणीच्या यादीत हे औषध नव्हतेच.

विचार करा. शेतकऱ्याने नोंद केली, प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे नमुना तपासला, कागद स्वच्छ निघाला. कारण यादीतल्या औषधांपैकी काही सापडले नाही. यादीबाहेरचे कोणी पाहिले नाही. परदेशी प्रयोगशाळेने पाहिले. माल अडकला, किमती कोसळल्या, काही माल परत आला, काही नष्ट करावा लागला. नाशिककडच्या कित्येक कुटुंबांची वर्षभराची मेहनत आणि कर्ज अंगावर आले. त्यात ज्यांनी ते औषध वापरलेच नव्हते असेही भरडले गेले. पुढच्या हंगामापासून सीसीसी यादीत आले. आता यादी दर वर्षी सुधारतात, आणि युरोपात कोणती मर्यादा बदलते आहे यावर मांजरी व अपेडा दोघे लक्ष ठेवतात.

आपल्यासारख्या खाणाऱ्यांनी यातून घाबरून जायचे कारण नाही, आणि ते का, हे नीट समजले पाहिजे. मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असे नाही. ही मर्यादा ठरते ती योग्य शेती केली तर फळात किती अंश उरायला हवा त्यावरून. ज्या औषधाचा त्या फळावर वापरच मान्य नाही, त्याची मर्यादा यंत्राला दिसू शकेल इतक्या तळाला ठेवतात. अपायाची पातळी त्याच्या पुष्कळ वर असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला काहीच झाले नाही, तिचा साधारण शंभरावा भाग माणसासाठी रोजचा सुरक्षित समजतात. सीसीसीचा मर्यादेइतका अंश असलेली द्राक्षे कोणी रोज दहा-वीस किलो खाल्ली, तरी तो त्या सुरक्षित पातळीच्या आतच राहील. दहा किलो द्राक्षांनी पोटाचे काय होईल ते मी सांगायला नको. तेव्हा भीतीपोटी फळे सोडू नका. आपल्या वयात फळे-भाज्या सोडल्याने होणारे नुकसान नक्की आहे, बद्धकोष्ठापासून रक्तदाबापर्यंत.

नातवाला मी सांगितले होते की कोणीतरी तपासून पाहिली आहेत. ते "कोणीतरी" नेदरलँड्सच्या बाजूलाही आहेत. बंदरात आणि बाजारात नमुने घेते ती तेथील सरकारची अन्न व ग्राहकवस्तू सुरक्षा संस्था. बरेचसे नमुने जातात वाखनिंगेन या विद्यापीठाच्या गावी. तेथे दोन प्रयोगशाळा होत्या, एक विद्यापीठाशी जोडलेली संशोधनाची आणि एक सरकारी तपासणीची. १ जून २०१९ रोजी दोन्ही एक केल्या. एकाच इमारतीत, एकाच छत्राखाली संशोधन करणारा आणि रोजचे नमुने पाहणारा बसला, की संशोधकाने शोधलेली नवी पद्धत दुसऱ्या टेबलावर लवकर पोचते. कायद्याने करायच्या कामाचा खर्च सरकार उचलते.

हे शहाणपण त्यांना फुकट आलेले नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात माझ्या सुनेने मुंबईला फोन केला होता, "आई, इथे दुकानांतून अंडी काढून टाकली आहेत." कोंबड्यांच्या अंगावरच्या लाल किड्यांसाठी खुराडी साफ करणाऱ्यांनी फिप्रोनिल हे औषध वापरले होते. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर ते चालते, खाण्याच्या जनावरांवर मात्र बंदी. लाखो अंडी फेकली गेली, कोंबड्या मारल्या गेल्या. तेथे प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो, त्यातले आकडे पाहून कोणत्या फार्मचे अंडे ते कळते. सून पेटीतले प्रत्येक अंडे हातात घेऊन चष्मा लावून वाचत होती. पुढे चौकशीत निघाले की निनावी खबर नोव्हेंबर २०१६ मध्येच आली होती. जून २०१८ मध्ये माजी मंत्री विनी सॉर्गड्रागर यांच्या समितीने अहवाल दिला आणि उद्योगाला व सरकारी यंत्रणांना, दोघांनाही फटकारले. अन्नाच्या सुरक्षिततेला द्यायला हवे तेवढे महत्त्व दिले गेले नाही, असा त्याचा आशय होता. एवढ्या श्रीमंत, नीटनेटक्या देशाची ही कथा.

जंतूंच्या बाबतीत मात्र त्यांच्या प्रयोगशाळांची एकजूट पाहण्यासारखी आहे. २०१२ मध्ये धूर दिलेल्या रावसासारख्या माशातून, म्हणजे तिकडच्या सामन माशातून, साल्मोनेलाची साथ पसरली. हजाराहून अधिक लोकांच्या तपासणीत तो जंतू सापडला, काही वृद्ध दगावले. गावोगावच्या प्रयोगशाळा रुग्णांचे जंतू बिल्थोव्हेन येथील राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेकडे पाठवतात. तेथे एकाच जातीचा जंतू सगळीकडून येतो आहे हे ध्यानात आले, रुग्णांना काय खाल्ले ते विचारले, आणि माग एका कारखान्यापर्यंत गेला. ही संस्था साल्मोनेलासाठी साऱ्या युरोपची संदर्भ प्रयोगशाळा आहे. परदेशी मुलांकडे राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना एक सांगणे. धूर दिलेला थंड मासा आणि मऊ, न तापवलेल्या दुधाचे चीज आपल्या वयात जपून. त्यांत लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो, तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि म्हाताऱ्या माणसाला गाठतो. मासा पूर्ण शिजवून खाल्ला तर हा प्रश्नच राहत नाही, आणि आपल्या नारळाच्या दुधातल्या कालवणाला तो तोटा कधीच नव्हता.

आता मुंबई-ठाण्याच्या, पुण्याच्या वाचकांच्या मनात आलेला प्रश्न. ब्रेडाच्या माझ्या नातवाच्या ताटातले द्राक्ष बागेपासून तपासून येते. दादरच्या बाजारात, भायखळ्याला आपण जे घेतो त्याचे काय? खरे सांगायचे तर बाग-न्-बाग तपासण्याची ती सक्ती युरोपला जाणाऱ्या मालासाठी आहे. आपल्या बाजारातल्या मालाचे अन्न सुरक्षा अधिकारी अधूनमधून नमुने घेतात. तपासणी आहे, पण साखळी नाही. हे मला खटकते. तोच शेतकरी, तीच वेल, आणि कागद फक्त बोटीत चढणाऱ्या घडाला.

थोडे चांगलेही सांगायला हवे. चांगला बागाईतदार निर्यातीची शिस्त लागल्यावर साऱ्या बागेला तीच लावतो, कारण कोणता घड कोठे जाईल ते छाटणीच्या वेळी ठरलेले नसते. शिवाय २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर देशातल्या प्रयोगशाळांकडे लक्ष गेले. २०१६ मध्ये केंद्राने राज्यांच्या अन्न प्रयोगशाळा सुधारण्यासाठी सुमारे ४८२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात मोठी यंत्रे आहेत आणि गावोगाव फिरणाऱ्या तपासणीच्या गाड्याही. त्या गाड्यांवर दूध, तेल, मसाले यांतली साधी भेसळ तिथल्या तिथे दाखवतात. द्राक्षातले औषध त्या गाडीत दिसत नाही, त्याला मोठी प्रयोगशाळाच हवी. कायद्याने अन्न विश्लेषकाने नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत द्यायचा आहे. तो तसा मिळतो की नाही हे त्या जिल्ह्यातली यंत्रे चालू आहेत की कव्हराखाली आहेत यावर.

याच कायद्याच्या ४० व्या कलमाने तुम्हा-आम्हाला एक हक्क दिला आहे, तो फार थोड्यांना माहीत आहे. सामान्य ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेताना दुकानदाराला तसे सांगावे लागते. अहवालात दोष निघाला तर भरलेली फी परत मिळते. एकट्या म्हाताऱ्या माणसाला हे जड जाईल, पण एखाद्या मंडळाने किंवा इमारतीतल्या चारपाच घरांनी मिळून, सणाआधी ज्या दुकानातून घाऊक माल घेतो तेथला एखादा नमुना तपासून घ्यायला काही हरकत नाही. मी आमच्या इमारतीत हे सुचवले तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

द्राक्षांवरून मनुका आठवल्या. शाब्बाथच्या किद्दुशसाठी आपल्या कित्येक घरांत अजूनही काळ्या मनुका भिजवून त्यांचे शरबत करतात. माझी आई शुक्रवारी सकाळी भिजत घालायची आणि दुपारी फडक्यातून पिळायची. चार किलोच्या आसपास द्राक्षे वाळली की किलोभर बेदाणा होतो. पाणी उडून जाते, पण काही औषधांचे अंश मागे राहतात आणि दाट होतात. म्हणून मनुका द्राक्षांहून अधिक जपून निवडाव्यात. बुरशीचा वास असलेल्या, चिकट गोळा झालेल्या घेऊ नयेत. दमट जागी वाळवलेल्या किंवा साठवलेल्या मनुकांत बुरशीचे विष तयार होऊ शकते, आणि भिजवून, उकळून ते जात नाही. सोनेरी, पिवळ्या बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. ज्यांना दमा आहे त्यांच्यापैकी काहींना त्याने धाप लागते, म्हणून त्यांनी काळ्या मनुकाच घ्याव्यात आणि पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा सल्फाइट लिहिले आहे का ते पाहावे. मनुका वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवाव्यात, पहिले भिजवलेले पाणी दहा मिनिटांत ओतून द्यावे आणि शरबताचे पाणी मग घालावे. चवीत फरक पडत नाही, मी करून पाहिले आहे. उन्हाळ्यात भिजवलेले भांडे रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवावे.

ताजी द्राक्षे धुण्याची माझी रीत अशी. मोठ्या घडाचे कात्रीने लहान झुबके करावेत, म्हणजे आतल्या मण्यांपर्यंत पाणी पोचते. वाहत्या नळाखाली मिनिटभर धरून बोटांनी हलके चोळावेत. साबण, भांड्यांची पावडर वापरू नये, ती सालीतून आत जाते आणि पोटात उतरते. कोणी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहापंधरा मिनिटे ठेवतात, त्याने सालीवरचे काही औषध आणखी निघते, पण आत मुरलेले निघत नाही. करायचे असेल तर करावे, नंतर साध्या पाण्याने धुवावे. आणून लगेच सगळी धुवून ठेवू नयेत, ओली द्राक्षे लवकर बुरसटतात. खायच्या वेळी धुवावीत. कवळी असणाऱ्यांनी, ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी, मणी उभे चिरून दोन भाग करून खावेत. गोल, गुळगुळीत मणी घशात अडकायला फार सोयीचा असतो, लहान मुलांच्याही.

त्या दिवशी मलिद्याच्या ताटातल्या द्राक्षांचे मणी नातवानेच चिरले. शेजारचे एक ऐंशीपार डच आजोबा आम्ही बोलावले होते, त्यांच्यासाठी. त्यांनी गोड पोहे पहिल्यांदाच खाल्ले, दोनदा मागून घेतले, आणि द्राक्षे कोठली म्हणून विचारले. नातवाने त्यांना डच भाषेत नाशिकपासून सगळे सांगितले. बंदरातल्या तपासणीपर्यंत तो पोचला तेव्हा आजोबांचे ताट रिकामे झाले होते.